रविवारची रेघ

“तुमच्याकडे भूकंप पकडून ठेवलाय असं ऐकलं,” हेडमास्तर लिमये फाटकाबाहेरूनच म्हणाले.

मी त्यांना आत घेतलं, पण आधी खिसे रिकामे करायला लावले. चाव्या, पेन, चष्म्याचं घर. त्यांच्या छत्रीच्या काड्या लोखंडी होत्या, म्हणून छत्री बाहेर कुंपणाला टांगून ठेवली. वहाणांना खिळे आहेत का हेही विचारलं. लिमये चौलच्या शाळेचे हेडमास्तर, गावात वजनदार माणूस. त्यांना अनवाणी उभं करताना मला संकोच वाटला. पण आमच्याकडे हा नियम सगळ्यांना सारखा होता.

मी तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, चौलपासून अर्ध्या तासाच्या चालीवर, समुद्राकाठच्या एका छोट्या सरकारी वेधशाळेत असिस्टंट होतो. लोक तिला चुंबकघर म्हणत. तिथे ना दुर्बीण होती, ना पावसाचा अंदाज. पृथ्वी स्वतःच एक मोठं चुंबक आहे आणि त्याची ओढ रोज, तासातासाला थोडी बदलते. ती नोंदवणं एवढंच आमचं काम.

त्यासाठी एका अंधाऱ्या खोलीत बारीक धाग्याला एक चुंबकसुई टांगलेली असे. सुईला चिकटवलेला नखाएवढा आरसा. आरशावर दिव्याचा किरण पडे आणि परतून समोरच्या ड्रमवर जाई. ड्रमला फोटोचा कागद गुंडाळलेला आणि तो ड्रम घड्याळावर फिरे, दिवसाला एक फेरी. सुई हलली की किरण हले, किरण हलला की कागदावरची रेघ हले. रोज सकाळी दहाला जुनं शीट काढायचं, नवं लावायचं. जुनं धुवायचं, वाळवायचं, मागे वार आणि तारीख घालून ड्रॉवरमध्ये ठेवायचं. इमारतीत लोखंडाचा एक खिळा नव्हता. बिजागऱ्यासुद्धा पितळेच्या. लोखंड जवळ आलं की सुई बिचकते.

आणि जमीन हादरली तरी सुई डोलते. आमचे सुपरिंटेंडेंट दस्तूरसाहेब याला उपद्रव मानत. त्यांच्या लेखी भूकंप म्हणजे चांगल्या शीटवर पडलेला डाग.

चौतीस सालच्या जानेवारीतल्या बिहारच्या भूकंपाची बातमी मुंबईच्या वर्तमानपत्रांतून आमच्याकडे दोन दिवसांनी आली. सोमवारी दुपारी दोननंतर जमीन हलली, गावंच्या गावं बसली, शेतांतून वाळू आणि पाणी वर आलं, असं सगळं छापून आलं होतं. लिमयांनी लगेच मदत समिती केली. जमलेलं सामान रेवदंड्याच्या बंदरातून मुंबईला आणि तिथून रेल्वेने बिहारला, अशी योजना होती. शिडाचा मचवा इब्राहिम नाखवा देणार होते. रेवदंड्याला त्यांच्या मालकीचे दोन मचवे होते, त्यातला मोठा त्यांनी बिनभाड्याने देऊ केला होता.

अडचण एवढीच की मचव्यात घालायला काही जमत नव्हतं.

“मी वर्तमानपत्र वाचून दाखवतो,” लिमये मला सांगत होते. “लोक ऐकतात. डोळ्यांत पाणीसुद्धा येतं काहींच्या. मग मूठभर तांदूळ आणून घालतात आणि घरी जातात. एकाने विचारलं, बिहार आगरदांड्याच्या पलीकडे का. त्याला हसून काय उपयोग? तो दिघीच्या पलीकडे कधी गेलेला नाही.”

त्यांना आमची रेघ हवी होती. शाळेच्या ओटीवर फळ्याला लावून दाखवायची होती. लोकांना काहीतरी डोळ्यांनी दिसलं तर फरक पडेल असं त्यांचं म्हणणं.

मी दस्तूरसाहेबांना विचारलं. ते त्या दिवशी आगबोटीने मुंबईच्या ऑफिसला निघाले होते, पेटी बांधून तयार. त्याआधी आठवडाभर तापाने पडून उठले होते. त्यांनी ओरिजिनल शीट खोलीबाहेर जाणार नाही म्हणून सांगितलं. ट्रेसिंग काढायला परवानगी दिली. वर एक अट घातली: “खाली तुमची सही करा. ऑफिसचं नाव नको. आणि जे आहे तेच लिहा.”

मी ड्रॉवर उघडला. मागे ‘सोमवार’ लिहिलेलं शीट काढलं. ते माझ्याच अक्षरात होतं, कारण साहेबांच्या तापात लेबलं मीच लिहिली होती. शीटवर दुपारी दोनच्या खुणेपाशी रेघ एकदम उसळली होती. बोटभर उंच गेली होती, वर थरथरली होती आणि अर्ध्या तासाने खाली आली होती. बाकी दिवसभर रेघ कशी शांत. वर्तमानपत्रातली वेळही तीच.

एक गोष्ट खटकली होती, ती आता कबूल करतो. भूकंपाने सुई डोलते, म्हणजे रेघ दोन्ही बाजूंना पसरायला हवी. ही एकाच बाजूला सरकली होती, जणू कोणी तिला ओढून धरलं होतं. पण नोकरीत मला दोनच वर्षं झाली होती आणि मी भूकंपाची रेघ आधी पाहिलेली नव्हती. वार जुळला, वेळ जुळली. मी ट्रेसिंग पेपर लावला आणि शाईने उतरवून घेतली.

संध्याकाळी शाळेच्या ओटीवर बरीच माणसं आली. बागायतदार होते, कोळी होते, खारातून मिठागरावरची आगरी मंडळी आली होती. लिमये थोडकंच बोलले आणि त्यांनी मला पुढे केलं. मी सुई, आरसा, कागद समजावून सांगितलं. मग रेघेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, हा बिहारचा धक्का. तो तिथून जमिनीतून चालत आला आणि सोमवारी दुपारी इथे पोचला.

मग सोनूबाई नावाची एक बाई पुढे आली. मिठागरावर काम करणारी, पन्नाशीची. ती रेघेकडे पाहून म्हणाली, “म्हंजे ह्यो आमच्या पायाखालून गेला?”

“हो.”

“सोमवारी दुपारी मी मीठ वढत व्हते. मला कल्ला न्हाय.”

“कोणालाच कळला नाही. सुईला कळला.”

तिने आपल्या पायांकडे पाहिलं. तिच्याबरोबर आणखी बऱ्याच जणांनी पाहिलं. ते दृश्य मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेचा एक वर्ग भरायला लागला. मला स्वभावाने नोंद ठेवायची सवय. कोण काय आणतं हे मी सुटीच्या वेळी जाऊन पाहत बसे. त्यात मला एक गंमत दिसली. आधी लोक मूठभर तांदूळ देत होते, म्हणजे दारावर आलेल्याला जे देतात ते. आता वेगळं येत होतं. काथ्याची दोरी, सुंभाची वेटोळी. कंदील. पाटा-वरवंटा. गोधड्या तर किती. सुकी मासळी, मीठ, नारळ. एका सुताराने चक्क बिजागऱ्यांसकट दाराची एक फळी आणून भिंतीला टेकवली. शिसवी, जाड, नवीकोरी. मी त्याला विचारलं, बिहारला दार कशाला? तो म्हणाला, घर पडलं तर आधी दारच लागतं, त्याशिवाय रात्री डोळा लागत नाही.

लोक स्वतःचं घर पडलं असतं तर काय लागलं असतं ते आणून देत होते. हे मी वहीत लिहून ठेवलं आहे, पेन्सिलीने.

रावजीशेठ म्हणून सुपारीचे मोठे बागायतदार होते. पहिल्या फेरीत त्यांनी समितीला ओटीवरूनच परत पाठवलं होतं. त्यांनी तांदळाची पोती बैलगाडीने पाठवली. चार दिवसांत वर्गात पाय ठेवायला जागा राहिली नाही. इब्राहिम नाखवा येऊन सामान पाहून गेले आणि परवा भरतीला निघू म्हणाले.

त्याच दिवशी दस्तूरसाहेब मुंबईहून परत आले. आल्याआल्या त्यांनी सवयीप्रमाणे ड्रॉवर तपासला. मी शेजारी उभा होतो, थोडा खुशीतच. शाळेतली हकिगत सांगायची होती. ते एक एक शीट उलटून मागचं लेबल बघत होते. शनिवार. सोमवार. मंगळवार. ते थांबले.

“पाटणकर, संडे कुठे आहे?”

रविवारचं शीट नव्हतं. त्यांनी पुढची उलटली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि पुन्हा शुक्रवार. एक माझ्या अक्षरातला, एक त्यांच्या.

साहेबांनी समजावून सांगायची गरज पडली नाही, माझं मलाच उमगलं. शीट सकाळी लागतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघतं. म्हणजे एका शीटमध्ये दोन वार असतात. आमच्याकडे नियम असा की ज्या दिवशी लावलं तो वार लिहायचा. त्या आठवड्यात मी ज्या दिवशी काढलं तो वार लिहिला होता. माझा ‘सोमवार’ रविवारी सकाळी लावलेला होता. त्यावरची दुपार रविवारची होती. बिहारची जमीन तेव्हा शांत होती.

साहेबांनी ते शीट खिडकीपाशी नेलं. “हा भूकंप नाही. लोखंड आहे,” ते म्हणाले. “कोणीतरी बरंचसं लोखंड भिंतीजवळ आणलं, अर्धा तास ठेवलं आणि नेलं.” मग त्यांनी माझ्या अक्षरातला ‘मंगळवार’ काढला, म्हणजे खरा सोमवार. त्यावर दोननंतर रेघ जराशी जाड झाली होती. तांदळाच्या दाण्याएवढी. दोन्ही बाजूंना सारखी. मुद्दाम दाखवल्याशिवाय दिसली नसती.

मी विचारलं, आता काय करू? ते रागावले नाहीत. ट्रेसिंगवर सही माझी आहे, ऑफिसची नाही, तेव्हा काय करायचं ते मीच ठरवावं, असं म्हणून ते त्यांच्या कामाला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी आधी रेवदंड्याला गेलो. रविवारी आमच्या बाजूने लोखंड कोणी नेलं हे मला कळायला हवं होतं. खात्री करायची होती की आणखी थोडा वेळ काढायचा होता, सांगता येत नाही. बंदरावर इब्राहिम नाखवा मचव्याचं शीड शिवून घेत होते. मी विचारताच ते म्हणाले, लोखंड माझंच. चौलच्या लोहाराकडून मोठ्या मचव्यासाठी दोन नवे नांगर आणि साखळी आणली रविवारी. ऊन होतं म्हणून गाडीवानाने तुमच्या कुंपणालगतच्या झाडाखाली बैल सोडले, दुपारची भाकरी खाल्ली.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. ज्या मचव्यातून मदत जाणार त्याच मचव्याच्या नांगरांनी ती रेघ काढली होती. ते हसतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी विचारलं, “लिमयांना सांगितलं?”

लिमयांकडे गेलो तेव्हा ते वर्गात गोधड्यांच्या गाठी बांधत होते. त्यांनी माझं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि शांतपणे म्हणाले, “मचवा परवा निघतो. तेरवा सांगा.”

ते पुढे म्हणाले की बिहारात घरं पडली हे तर खोटं नाही. थंडीत माणसं उघड्यावर आहेत हेही खोटं नाही. या गोधड्या कोणाच्या तरी अंगावर पडणार आहेत. उद्या सांगितलंत तर काही जण सामान उचलून नेतील आणि ती थंडी त्या माणसांना लागेल, तुम्हाला नाही.

ते बरोबर बोलत होते. मी एवढंच म्हटलं, “लोकांनी माझ्या बोटाकडे पाहून हे दिलंय. बोट चुकीच्या जागी होतं. सामान त्यांचं इथे आहे तोवरच सांगायला हवं. बंदर सोडल्यावर सांगण्यात काय अर्थ?”

ते माझ्यावर चिडले. तुम्हाला स्वतःचं मन हलकं करायचंय, असं म्हणाले. त्यातही तथ्य होतं. पण त्यांनी मला अडवलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांना बोलावण्याचा निरोप त्यांनीच फिरवला.

मी खऱ्या सोमवारचं ट्रेसिंग काढलं आणि दोन्ही फळ्याला शेजारी शेजारी लावली. काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. वार कसा चुकला, नांगर कुठून आले. मोठी रेघ बैलगाडीची, खरी रेघ ही बारकी. चूक माझी, हेडमास्तरांची नाही. ज्यांना आपली वस्तू परत न्यायची आहे त्यांनी न्यावी.

मागून कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. कोणी म्हणालं, सरकारी पगार खाऊन बैलं मोजतात. रावजीशेठ उभे राहिले. त्यांनी लिमयांना नमस्कार केला, माझ्याकडे पाहिलं नाही आणि गाडीवानाला पोती उचलायला सांगितली. एकाने नेलं तसं दुसऱ्याला सोपं झालं. कंदील गेले, पाटे-वरवंटे गेले, बऱ्याच गोधड्याही गेल्या. दुपारपर्यंत वर्गात फरशी दिसायला लागली. लिमये खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभे होते.

सोनूबाई मात्र फळ्यापाशी उभी होती. बारक्या रेघेच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघत होती. तिला ती दिसत नव्हती, म्हणून मी पेन्सिलीचं टोक ठेवून दाखवली.

“येवडीच?”

“एवढीच.”

“किती लांब हाय त्यो मुलुख?”

मी सांगितलं, मुंबईहून आगगाडीने दोन दिवस, दोन रात्री.

तिने जरा विचार केला. “येवड्या लांब येताना जोर कमी झाला आसल त्याचा.”

मी हो म्हटलं. लांब जाता जाता धक्का विरत जातो.

“विरून विरून येवडा ऱ्हायला,” ती म्हणाली. “मंग तितं किती व्हता?”

जे मी दोन वर्षं शिकलो होतो आणि ओटीवर सांगायला हवं होतं ते तिने एका प्रश्नात विचारलं होतं. ओटीवर उरलेली माणसं ऐकत होती. हसणं थांबलं होतं. सोनूबाईची गोधडी आत होती, ती तिने तशीच राहू दिली आणि कामाला गेली. तिच्यामागून मिठागरावरची बाकीची माणसंही काही न उचलता गेली. सुतार दार न्यायला आलाच नाही. दुपारनंतर दोन घरांतून नेलेल्या वस्तू परत आल्या. सगळ्या नाही. रावजीशेठांची पोती तर नाहीच.

मचवा निघाला तेव्हा निम्म्याहून थोडा जास्त भरला होता. इब्राहिम नाखव्यांनी स्वतः सुकाणू धरलं. मुंबईला सुकी मासळी उतरवून ठेवावी लागली, रेल्वेत कोणी घेईना. बाकीचं पुढे गेलं.

चैत्रात लिमयांना बिहारच्या मदत केंद्रातून एका डॉक्टरचं पत्र आलं, हिंदीत. ते त्यांनी मला वाचायला आणून दिलं. तोवर आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. गोधड्या पोचल्या होत्या, त्या कमी पडल्या असं लिहिलं होतं. दाराबद्दल डॉक्टरने खास विचारलं होतं की ते कोणी पाठवलं, कारण सुरुवातीला त्यांना ते चुकून आलंय असं वाटलं. मग त्यांनी ते विटांच्या चार खांबांवर आडवं ठेवलं आणि जखमींना त्यावर निजवून ड्रेसिंग करायला घेतलं. तंबूत तेवढीच एक सपाट, न डगमगणारी जागा होती. मी ती ओळ सुताराला वाचून दाखवली. तो म्हणाला, बिजागऱ्या काढून घ्यायला सांगायला हव्या होत्या, रुग्णाला टोचतील.

“कमी पडल्या” हे दोन शब्द लिमयांनी मला बोलून दाखवले नाहीत. मी ते वाचले आणि पत्र घडी करून परत दिलं.

दस्तूरसाहेबांनी माझ्या फाईलमध्ये या चुकीची नोंद केली. माझं प्रमोशन वर्षभर पुढे गेलं. त्यांनी एक नवा नियमही केला: शीटच्या मागे लावल्याचा आणि काढल्याचा, असे दोन्ही वार लिहायचे, आणि ते ड्रमवरून कागद सोडवण्याआधी. मी रिटायर होईपर्यंत तो पाळला, हाताखालच्यांकडून पाळून घेतला.

नोकरीतला धडा म्हणायचा तर तेवढाच. यंत्र रेघ काढतं, तिला नाव माणूस देतो, आणि चूक बहुतेक वेळा नाव देताना होते. दुसरी गोष्ट मात्र मला कधी नीट कळली नाही. मोठी रेघ पाहून जितकं सामान आलं तितकं खरी रेघ पाहून राहिलं नाही, हे खरं. पण जे राहिलं ते दोन्ही रेघा पाहून राहिलं होतं. नुसतं आलेल्या आणि शेवटी राहिलेल्या सामानात फरक काय, हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.